दोनशे एकाहत्तरच्या खाली

फाट्यावर एसटी थांबली आणि पंचफुला वाव्हळे खाली उतरली, तेव्हा ती इतकी खुशीत होती, की उन्हाची छत्री गाडीतच राहिली हे तिला गाडी धुरळा उडवत पार पुढं गेल्यावर कळलं. जाऊ दे, असं मनाशी म्हणून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि चालू लागली.

झरीच्या पुढं दोन कोसावर करंजगाव, आणि फाट्यापासून गाव अर्ध्या तासाच्या वाटेवर. चौऱ्याण्णव सालच्या मार्चमधला रविवार होता. दोन्ही बाजूंच्या रानांत कापसाच्या पऱ्हाट्या उपटायचं काम चाललेलं. एरवी बांधावरून कुणी ना कुणी हाक मारायचंच, "पंचफुले, कवा आलीस गं?" त्या दिवशी कुणी मारली नाही, आणि तिच्या ते ध्यानातही आलं नाही. पिशवीत वडिलांसाठी घेतलेला नवा पितळी ओळंबा होता, आणि डोक्यात एकच गोष्ट: पंचायतीच्या भिंतीवर यादी लागली असेल.

ती यादी तिचीच होती असं म्हटलं तरी चालेल. परभणीत वसमत रस्त्याला एक खाजगी संगणक केंद्र होतं. कचेऱ्यांच्या याद्या टाइप करून छापून द्यायचं काम तिथं चालायचं, आणि पंचफुला तिथं पाच वर्षांपासून ऑपरेटर होती. अकरा गावांतल्या बेघर लोकांना गावठाणाला लागून घरासाठी जागा द्यायचं ठरलं, आणि त्या याद्यांचं काम या केंद्राकडे आलं. त्यात करंजगाव आहे हे कळल्यावर त्या बाडाला तिनं दुसऱ्या कुणाला हातच लावू दिला नाही. करंजगावची एकूण तीनशे चव्वेचाळीस नावं. एक ते दोनशे एकाहत्तर पहिल्या तीन वॉर्डांतली, म्हणजे गावातली. दोनशे बहात्तरपासून पुढं चौथा वॉर्ड, म्हणजे बौद्धवाडा. त्यात दोनशे अठ्ठ्याण्णव नंबरला सिताराम लक्ष्मण वाव्हळे, तिचे वडील.

सिताराम गवंडी होता. झरीत, परभणीत, पार सेलूपर्यंत त्याच्या हातच्या भिंती उभ्या होत्या, आणि स्वतः तो बायकोला घेऊन भावाच्या घरामागच्या कुडाच्या खोलीत राहायचा. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा त्याचं घर जळालं होतं. पंचफुला बारा वर्षांची होती. माय आणि ती दोन दिवस ज्वारीच्या रानात बसून होत्या. पुढं घर बांधायचं म्हटलं तर जागा तुझीच आहे कशावरून, याचा दाखला सोळा वर्षांत कुणी दिला नाही. आता जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. वाड्यात साखर वाटली गेली, पण ती घरातल्या घरात. फाट्यावर पोलिसांची गाडी उभी होती, आणि सिताराम दोन दिवस उंबऱ्याबाहेर पडला नव्हता.

पंचायतीच्या ओट्यासमोर चाळीसेक माणसं होती, सगळी वाड्यातली. पंचफुला दिसली तसा गलका एकदम थांबला. तिला वाटलं, आपल्याला बघून थांबला, आता कुणीतरी पुढं येईल, पाठीवर हात फिरवील. ती हसलीसुद्धा.

भगवानराव पुढं आले. वाड्यातला शिकलेला पहिला माणूस. प्राथमिक शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले. पंचफुलाला परभणीच्या वसतिगृहात त्यांनीच नेऊन घातलं होतं.

"आलीस? ये. वाच," ते म्हणाले.

"काय झालं, काका?"

"वाच म्हणलं ना. मोठ्यानं वाच. समद्यांना ऐकू दे."

भिंतीवर पानं ओळीनं चिकटवलेली होती. तिनं पहिलं पान बघितलं, तेच, तिच्या ओळखीचं. एकेका पानावर तीस नावं. ती सरकत सरकत शेवटच्या, दहाव्या पानाशी आली. त्या पानावर वरती एकच नाव होतं. दोनशे एकाहत्तर. त्याच्या खाली सगळं पान पांढरं.

तिनं पान खालच्या कोपऱ्यातून उचलून मागं बघितलं. मागं भिंत. शेजारी अकरावं पान असेल म्हणून बघितलं, तर शेजारी जन्ममृत्यूच्या नोंदीची जुनी सूचना. डोळ्यांपुढं तो पांढरा कागद, आणि त्यावर असायला पाहिजेत ती नावं तिला पाठ होती, एकेक पाठ होतं, पण कागदावर काहीच नव्हतं.

"फुडची पानं पडलीत," ती कशीबशी म्हणाली.

"पडली न्हाईत," भगवानराव म्हणाले. "पान पडलं असतं तर म्या गप बसलो असतो. हितं एका नावाखाली सगळं पान मोकळं हाय. जागा व्हती, नावं न्हाईत. गावातलं शेवटचं नाव आलं आन् यादी संपली. बरोबर आपल्या वाड्याच्या तोंडाशी संपली."

"मी टाकलीत, काका. समदी टाकलीत. माझ्या हातानं."

"मंग काढली कुणी?"

मागून एका बाईचा आवाज आला, "तिला ठावं न्हाई व्हय? त्यांच्यात उठती, त्यांच्यात बसती. सांगितलं आसंल, काढ म्हणून." कुणी त्या बाईला गप केलं नाही. पंचफुलानं मायकडं बघितलं. सुलाबाई जमिनीकडं बघत होती.

सिताराम ओट्याच्या कडेला बसला होता, टोपी गुडघ्यावर. ती त्याच्यापुढं खाली बसली. "दादा," ती म्हणाली, "दादा, माझ्याकडं बघा."

त्यानं बघितलं. रागावलेला नव्हता तो. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. "म्या समद्याला सांगत फिरलो," तो म्हणाला, "की माझ्या लेकीनं नावं टाकल्यात. आता कायबी काळजी न्हाई म्हणून."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं वाड्यातली सव्वीस माणसं परभणीला निघाली. सितारामचा पाय निघाला नाही. सुलाबाई मात्र आली. लेकीचं हापीस तिनं पाच वर्षांत कधी बघितलं नव्हतं. ती गाडीत पंचफुलाच्या शेजारी बसली, पण फाट्यापासून परभणीपर्यंत एक शब्द बोलली नाही. पंचफुला खिडकीतून बघत होती आणि पुन्हा पुन्हा तेच मनात मोजत होती. तीनशे चव्वेचाळीस. मोठ्या यंत्रावर तिनं स्वतः मोजून घेतलं होतं.

आता हे मोठं यंत्र काय, ते सांगायला पाहिजे. केंद्रात दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत एक मोठा संगणक, त्यावर युनिक्स नावाची प्रणाली चालायची. बाहेरच्या खोलीत चार लहान संगणक, त्यांवर डॉस. मराठी अक्षरं दाखवणारं कार्ड फक्त बाहेरच्या संगणकांना होतं, प्रिंटरही तिथंच. आधी आतलं काम आत आणि बाहेरचं बाहेर, मधे फ्लॉप्यांची ने-आण. फेब्रुवारीत दोन्ही खोल्यांतून एक काळी गोल केबल फिरली. तेव्हापासून फाइल मोठ्या संगणकात ठेवायची आणि बाहेरच्या कुठल्याही संगणकावर बसून तीच उघडायची, जणू ती तिथंच आहे. दोन संगणकांची भाषा वेगळी, पण केबल मधे बसून दोघांना समजावते, असं बन्सीधर सांगायचा.

बन्सीधर म्हणजे तिथला मोठ्या संगणकाचा माणूस. पंचेचाळिशीचा, सेलूचा, पूर्वी तारखात्यात होता. केबल त्यानंच टाकली होती. मालक दिनकरराव. पाच वर्षांपूर्वी दोन ठिकाणी आडनाव ऐकून पंचफुलाला परत पाठवलं, तेव्हा दिनकररावांनी तिचा टायपिंगचा वेग बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाले. हे ती कधी विसरली नव्हती. दिवाळीला ती त्यांच्या घरी फराळाला जायची.

सव्वीस माणसं दारात बघून दिनकररावांचा चेहरा उतरला. त्यांनी आधी पंचफुलाला केबिनमध्ये घेतलं आणि दार ओढून घेतलं.

"हे काय आणलंस तू?"

"साहेब, यादीतून आमचा वाडा गेलाय. सगळा. त्र्याहत्तर नावं."

"असं कसं जाईल? काहीतरी कागद हरवला असेल. पण त्यासाठी मोर्चा?" त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ पंचफुला, तू समजदार आहेस. या लोकांना प्रत्येक गोष्टीत तेच दिसतं. तू आता त्यांच्यातली राहिली नाहीस. तू बाहेर जाऊन सांग त्यांना."

ती बघतच राहिली. बाहेर तिची माय उभी होती. तिला बोलायचं होतं, पण दिनकररावांनी हे इतक्या मायेनं म्हटलं होतं, की काय बोलावं हेच तिला सुचेना. ती नुसती दार उघडून बाहेर आली.

बन्सीधरनं तोवर भगवानरावांना आतल्या खोलीत नेलं होतं. मोठ्या संगणकावर मराठी दिसायचं नाही, करंजगावची फाइल उघडली की नुसता वेड्यावाकड्या खुणांचा चिखल. पण ओळी मोजता यायच्या. त्यानं मोजायचा हुकूम दिला. पडद्यावर आकडा आला: ३४४.

"बघा मास्तर. सगळी नावं आहेत."

भगवानरावांनी चष्मा वर करून आकडा दोनदा वाचला. मग बाहेरच्या खोलीतल्या प्रिंटरकडं बोट केलं. "हितं तीनशे चव्वेचाळीस. थितं दोनशे एकाहत्तर. मंग मधी कुणाचा तरी हात हाय."

छपाई गीताबाई कुलकर्णीनं केली होती. त्या दिवशी पंचफुला दुसऱ्या कचेरीत कागद पोचवायला गेली होती, म्हणून. गीताबाई आपल्या खुर्चीत बसली होती आणि सगळ्यांच्या नजरा एकदम तिच्यावर गेल्या. भगवानरावांनी आवाज चढवला नाही. "बाई," ते म्हणाले, "तुमाला कुणी सांगितलं ते सांगा. तुमचं नाव आमी कुठं घेणार न्हाई."

"मी फक्त प्रिंट दिली हो," गीताबाई म्हणाली. "फाइल उघडली, प्रिंट दिली. मला काय माहीत किती नावं होती ती? पंचफुला, तू तरी सांग यांना."

आणि पंचफुला गप्प राहिली. किती वेळ, एक श्वासभर असेल. पण त्या एका श्वासात तिला खरंच वाटलं, की हो, हिनंच. चार वर्षं जिच्या डब्यातली पोळी खाल्ली तिच्याबद्दल तिच्या मनानं जराही शंका न घेता हे मानलं. मग तिची तिलाच धडकी भरली.

"थांबा, काका," ती म्हणाली आणि गीताबाईच्या शेजारच्या संगणकावर बसली. केबलमधून मोठ्या संगणकातली करंजगावची फाइल उघडली. मराठी अक्षरं स्वच्छ दिसली. ती खाली खाली गेली. दोनशे सत्तर. दोनशे एकाहत्तर. आणि फाइल संपली.

"भाऊ, हीच ना फाइल? दुसरी प्रत तर न्हाई कुठली?"

बन्सीधर तिच्या मागं येऊन उभा राहिला. "हीच. दुसरी प्रतच नाही."

"मग तिथं तीनशे चव्वेचाळीस आणि इथं दोनशे एकाहत्तर कशी?"

तो आत गेला. ती मागोमाग. त्यानं फाइलमधलं एकेक अक्षर आकड्यांत उलगडून दाखवणारा हुकूम दिला आणि दोनशे एकाहत्तरावी ओळ जिथं संपत होती तिथवर आला. दोनशे बहात्तरावी सुरू व्हायच्या आधी, मधे, एकच आकडा एकटा उभा होता. शून्य तीन दोन.

बन्सीधरनं खुर्चीला पाठ टेकली. "अरे देवा," तो हळूच म्हणाला.

"काय आहे ते?"

"खूण आहे. तारेत आम्ही मजकूर संपला की एक खूण पाठवायचो. पलीकडचा ती खूण ऐकली की लेखणी खाली ठेवायचा. तसंच आहे हे. डॉसवरचा आपला टायपिंगचा प्रोग्राम प्रत्येक फाइलच्या शेवटी ही खूण टाकतो. डॉसला ही दिसली की तो म्हणतो, संपलं. पुढं काही असलं तरी बघत नाही. युनिक्सला हिचा अर्थच माहीत नाही. तो मोजत पुढं जातो." त्यानं बोटानं तो आकडा पडद्यावर झाकला. "शेवटी असली तर काही बिघडत नाही. ही मधे कशी आली, तेच…"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच पंचफुलाला कळलं.

जानेवारीत केबल आलेली नव्हती. बाकीच्या दहा गावांची कामं अजून सुरूही झाली नव्हती, पण करंजगाव हाती आल्यापासून तिला दम निघत नव्हता. तिनं जुन्या संगणकावर पहिले तीन वॉर्ड टाइप करून फ्लॉपीवर ठेवले. मग केबल आली. मग तिनं आपला वाडा टाइप केला, वेगळा, सावकाश, प्रत्येक नावाचा ऱ्हस्व-दीर्घ तपासून. आणि दोन्ही तुकडे मोठ्या संगणकावर एका हुकमानं जोडून टाकले. तो हुकूम तिला बन्सीधरनंच शिकवला होता, आणि तो आपल्याला जमला याचा तिला तेव्हा काय अभिमान वाटला होता. पहिल्या तुकड्याच्या शेवटची खूण दोघांच्या मधे तशीच राहिली. बाकी गावं तिनं सलग टाइप केली होती, म्हणून तिथं काही झालं नाही. ज्या गावावर तिनं सगळ्यात जास्त जीव लावला, त्याचंच झालं.

बन्सीधर कीबोर्डकडं बघत होता. तिच्याकडं नाही. "कुणीतरी दोन तुकडे जोडले असतील," तो म्हणाला. "कुणी जोडले हे यात काही लिहिलेलं नसतं."

त्यानं तिला वाट करून दिली होती. ती वाट तिला दिसली. तिनं दारातून बाहेर बघितलं. गीताबाई डोळ्याला पदर लावून बसली होती, आणि सव्वीस माणसं तिच्याभोवती.

पंचफुला बाहेर आली. "काका," ती म्हणाली, "गीताबाईंनी काय केलं न्हाई. कुणीच काढली न्हाईत नावं. चूक माझी हाय. म्या दोन तुकडे जोडले, त्याच्या मधी एक खूण राहिली. त्या खुणेपाशी ह्ये मशीन थांबतंय. माझ्या हातानं झालं."

सगळ्यात आधी बोलले ते दिनकरराव. केबिनच्या दारात उभे होते ते.

"बघा!" ते म्हणाले. "पाच वर्षं जवळ केलं हिला. घरच्यासारखं वागवलं. शेवटी तुम्ही लोक ते तुम्ही लोकच. काम एक धड होत नाही, आणि बोलणी मात्र आम्ही खायची."

पंचफुलाला आधी वाटलं, हे आपल्याला नाहीच, आणखी कुणाला तरी बोलले. मग बन्सीधरनं मान खाली घातलेली तिला दिसली. गीताबाईनं तोंडावर हात ठेवलेला दिसला. तेव्हा तिला कळलं की आपल्यालाच. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या कागदापेक्षाही हे तिला जास्त लागलं. तासाभरापूर्वी याच दाराआड त्यांनी तिला सांगितलं होतं, तू त्यांच्यातली राहिली नाहीस.

"साहेब," ती म्हणाली. "दहा वाजता म्या त्यांच्यातली नव्हते. अकराला झाले व्हय?"

दिनकरराव काहीतरी बोलायला गेले. ते आत वळले.

पण गोष्ट तिथं मिटली नाही. भगवानरावांनी पंचफुलाकडं बारकाईनं बघितलं आणि मान हलवली. "न्हाई," ते म्हणाले. "तुला बोलायला लावलंय ह्ये. नोकरीचं भ्या घातलंय. एवढुशा खुणेनं त्र्याहत्तर घरं जात न्हाईत. आन् गेली तर नेमकी आपलीच कशी जातील?"

तिनं पुन्हा सांगितलं. बन्सीधरनं सांगितलं. माणसं ऐकून घेत होती आणि एकमेकांकडं बघत होती. ती खोटं बोलत असती तर त्यांना पटलं असतं, पण खरं पटत नव्हतं. आणि कसं पटावं? सोळा वर्षांत त्यांच्या बाबतीत जे जे झालं होतं, त्यात एकही गोष्ट चुकून झालेली नव्हती.

शेवटी सुलाबाई पुढं आली. तिनं कालपासून तोंड उघडलं नव्हतं. "आमाला काय कळत न्हाई त्यातलं," ती लेकीला म्हणाली. "तू आमच्या म्होरं काढून दाखव. आत्ता. नावं निघाली तर खरं."

पंचफुला मोठ्या संगणकावर बसली. माणसं दारातून, एकमेकांच्या खांद्यांवरून बघत होती. बन्सीधरनं हुकूम सांगितला, तिनं टाइप केला. ती एक खूण तेवढी गाळून टाकायची. ओळी मोजल्या. तीनशे चव्वेचाळीस, जशाच्या तशा. मग ती बाहेरच्या संगणकावर आली. एक बटण तिला दोनदा दाबावं लागलं.

प्रिंटर करकरायला लागला. एकामागून एक नऊ पानं निघाली. दहावं पान वर सरकलं. दोनशे एकाहत्तर आलं. प्रिंटरचं डोकं डाव्या कडेला गेलं, क्षणभर थांबल्यासारखं झालं, आणि दोनशे बहात्तर छापायला लागलं.

भगवानराव प्रिंटरवर वाकले आणि कागद बाहेर येईल तसं एकेक नाव वाचायला लागले, शाळेत हजेरी घ्यावी तसं. पहिल्या नावाचा माणूस खोलीतच होता. त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "हाय." मग पुढचाही म्हणाला. जे आले नव्हते त्यांच्या वतीनं शेजारचा बोलायचा, "हाय, रानात गेलाय." दोनशे अठ्ठ्याण्णवला सुलाबाई म्हणाली, "हाय. घरी हाय." तीनशे अकरा नंबरचा माणूस फेब्रुवारीत वारला होता. भगवानराव त्या नावाशी थांबले. मागून त्याची बायको म्हणाली, "वाचा फुडं. म्या हाय की."

तीनशे चव्वेचाळीस झाल्यावर भगवानरावांनी कागद फाडून घेतला, नीट घडी केली आणि गीताबाईपुढं जाऊन हात जोडले. "बाई, माफी करा. वयानं मोठा हाय म्या, तरी करा."

गीताबाई उठून आत पाणी आणायला गेली.

मग भगवानराव पंचफुलाजवळ आले. "चूक तुझी हाय त्ये खरं," ते म्हणाले. "पण ऐक. दहावं पान बघितलं आन् मला एका घटकंत खरं वाटलं, की ह्ये मुद्दाम केलंय. तुझ्यावर सुद्धा इस्वास ऱ्हायला न्हाई माझा. तुला म्या हाताला धरून शाळंत नेलंय. मला त्याचंच आवघड वाटायलंय."

"मलाबी वाटलं होतं, काका," ती म्हणाली. "गीताबाईंनी केलं असंल म्हणून."

त्याच आठवड्यात केंद्राचं पत्र कचेरीला गेलं, नवी यादी करंजगावात लागली, आणि हरकतींसाठी पंधरा दिवस नव्यानं मिळाले. पंचफुलानं बाकीच्या दहाही याद्या पुन्हा काढल्या. प्रत्येक यादी मोठ्या संगणकावर मोजायची, मग बाहेरच्या संगणकावर शेवटच्या नावापर्यंत डोळ्यानं वाचायची, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून खाली सही करायची. बन्सीधरनं ती पद्धत सगळ्यांनाच लावली.

दिनकरराव तिच्याशी नीट बोलत राहिले, जरा जास्तच नीट. एकदा म्हणाले, "त्या दिवशी रागात बोलून गेलो, मनावर घेऊ नको." ती हो म्हणाली. पण त्या दिवाळीला ती फराळाला गेली नाही, आणि तू का आली नाहीस असं त्यांनीही विचारलं नाही. नोव्हेंबरात बन्सीधरच्या ओळखीनं तिला सेलूच्या एका जिनिंगवाल्याकडं काम मिळालं. तिथं नुकताच पहिला संगणक आला होता आणि तो चालवणारं कुणी नव्हतं. परभणी सोडताना गीताबाई तिला स्टेशनवर पोचवायला आली, गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभी राहिली.

सिताराम ते सगळं प्रकरण आपल्या पद्धतीनं सांगायचा. कुणी विचारलं की म्हणायचा, "लेकीनं टाकली, लेकीनंच गाळली, आन् लेकीनंच परत टाकली. माझं काय त्यात?" आणि हसायचा. सुरुवातीला पंचफुलाला ते लागायचं. मग लागेनासं झालं.

डिसेंबरात जागा मोजून मिळाल्या. ओढ्याच्या अलीकडं, मुरमाड जमिनीवर, चुन्याच्या रेघांनी चौकोन आखले होते, आणि प्रत्येक चौकोनात नंबराची खुंटी. पंचफुला सेलूहून आली तेव्हा सगळा वाडा तिथं लोटला होता. माणसं आपापल्या चौकोनात उभी राहून बघत होती, पोरं रेघांवरून उड्या मारत होती. सिताराम आपल्या चौकोनाच्या मधोमध उकिडवा बसून मातीत बोट खुपसून बघत होता.

"पाया खोल घ्यावा लागंल," तो म्हणाला. "दार हिकडं, ओढ्याकडं."

"ओढ्याकडं कशाला?" सुलाबाई म्हणाली. "रस्त्याकडं करा. आल्यागेल्याला दिसू द्या की घर."

"रस्त्याकडून धूळ यील."

"यीऊ द्या."

पंचफुला दोघांच्या मधे उभी होती. त्यांनी तिला विचारलं, तुझं काय म्हणणं. ती म्हणाली, रस्त्याकडं. सिताराम कुरकुरत उठला आणि पावलांनी लांबी-रुंदी मोजायला लागला.